दामले साहेब समुद्राखाली उतरणेबाबत

विषय : श्री. दामले, निवृत्त अधीक्षक, राहणार ठाकुर्ली, यांना पत्नीसह समुद्राखाली उतरण्याची दुसरी संधी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा स्वहस्ताक्षरातील अर्ज.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, अर्जदारांना पहिली संधी रीतसर देण्यात आली होती. ती त्यांनी बोटीच्या काठावर बसून घालवली. आता ते दुसरी मागत आहेत.

एवढं लिहून मला थांबता आलं असतं. पण आमच्या निवृत्त मंडळींच्या किश्शांचं ऑफिसातल्या कपाटावरच्या कागदांसारखं आहे. तिथे ते कोणी ठेवले हे कळत नाही, टाकून द्यायचं धाडस कोणाला होत नाही, आणि एक ओढायला जावं तर सगळा ढीग अंगावर येतो. तेव्हा आता अंगावर घ्याच!

*

सुरुवात आमच्या मंडळाच्या वार्षिक सहलीच्या सभेत झाली. सभा दामले साहेबांच्या सोसायटीच्या गच्चीवर असते. साहेब अध्यक्ष, मी चिटणीस. ऑफिसात ते अधीक्षक होते आणि मी आवक-जावक लिपिक होतो. म्हणजे निवृत्तीने आमच्यात फारसा फरक पडलेला नाही.

साहेबांची एक सवय इथेच सांगतो, कारण पुढे ती पाण्याखाली जाणार आहे. कोणताही कागद समोर आला की साहेब समासात दोन शब्द लिहायचे, ‘चर्चा करावी’. खाली तिरकी रेघ आणि आद्याक्षरं. पंखा दुरुस्तीचा कागद असो, रजेचा असो, नाहीतर कोणाच्या निरोप समारंभाचा. आमच्या एका शिपायाचा निरोप समारंभ त्याच्या नातवाच्या बारशाबरोबर झाला.

तर सहलीचा विषय निघाला. दरवर्षीप्रमाणे कोणत्या देवाला जायचं एवढंच ठरायचं होतं. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन आलेल्या सुधावहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, ट्रे खाली न ठेवताच म्हणाल्या, “मला प्रवाळ बघायचंय.”

वहिनी शाळेत भूगोल शिकवायच्या.

“जन्मभर फळ्यावर प्रवाळाची बेटं काढली मी,” त्या म्हणाल्या. “रंगीत खडूने. मुलं विचारायची, बाई, तुम्ही पाहिलंय? मी सांगायची, बघणार आहे. आता मुलांची मुलं भेटतात आणि तेच विचारतात! समुद्राखाली उतरून बघता येतं म्हणे. अंदमानला नेतात.”

सगळ्यांनी साहेबांकडे बघितलं. साहेबांनी सवयीने खिशाचं पेन चाचपलं.

“चर्चा करावी लागेल.”

“लग्न झाल्यापासून चर्चाच चाललीय,” वहिनी म्हणाल्या. “मी एकटी उतरणार नाही. उतरलो तर दोघं. पहिल्यांदा बघायचं ते दोघांनी मिळून. कबूल?”

चार माणसांदेखत विचारलं होतं. साहेब म्हणाले, “कबूल.”

समासात लिहायला कागदच नव्हता हो!

*

यासाठी डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं. आमचे फॅमिली डॉक्टर डोंबिवलीतले, स्वभावाने सावकाश. त्यांनी माझी छाती तपासली, पाठ तपासली, खोल श्वास घ्यायला लावला, मग विचारलं, “कशासाठी हवंय सर्टिफिकेट?”

“समुद्राखाली जायचंय.”

त्यांनी स्टेथोस्कोप कानातून काढला.

“का? वर काही त्रास होतोय का?”

*

साहेबांचं म्हणणं, पूर्वतयारीशिवाय जाणं योग्य नाही. म्हणून डोंबिवलीतल्या एका तरणतलावावर सकाळची बॅच लावली. शिकवायला रेश्मा. ही मुलगी विठ्ठलवाडीची. तिथे समुद्र सोडा, ओहोळ दिसायलाही पाऊस लागतो. पण ती वर्षातले निम्मे महिने अंदमानात पाण्याखाली असते.

पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, “काका, एकच रूल. श्वास रोखायचा नाही. काही पण होऊ दे, श्वास चालू ठेवायचा. बाकी टेन्शन घेऊ नका, मी आहे.”

आम्ही माना डोलावल्या. पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी, डोळ्यांवर मास्क अशा अवतारात एकेक जण पाण्याखाली जाऊन बसलो. सगळ्यांच्या डोक्यावर बुडबुडे येऊ लागले. साहेबांच्या डोक्यावर काहीच नाही! साहेब मांडी घालून, डोळे मिटून, हात गुडघ्यांवर ठेवून शांत बसलेले.

रेश्माने झडप घातली आणि त्यांना वर ओढलं. “काका! काका, ठीक आहात ना? श्वास का थांबवलात?”

साहेबांनी सावकाश तोंडातली नळी काढली.

“कुंभक चालला होता,” ते म्हणाले. “बागेत रोज सकाळी करतो. आज पहिल्यांदा इतकी शांतता मिळाली होती, त्यात तुम्ही व्यत्यय आणलात.”

प्राणायामात श्वास कोंडून धरायचा आणि इथे तो मुळीच कोंडायचा नाही, हे समजावण्यात त्या दिवसाची बॅच संपली. जाताना रेश्मा मला हळूच म्हणाली, “परदेशी लोकांना मी शिकवलंय, काका. घाबरून श्वास रोखणारे बघितलेत. पुण्य मिळेल म्हणून रोखणारे पहिल्यांदाच.”

*

आता भास्कर भोईर. हा बाळकुमचा. आजा-पणजा मिठागरावर, हा आमच्या ऑफिसच्या जीपवर ड्रायव्हर. निवृत्त होईतो गावच्या जमिनीवर टॉवर उभे राहिले. आज त्याची गाडी साहेबांच्या जुन्या जीपच्या दुप्पट आहे, पण तो ती स्वतः चालवतो, आणि साहेब अजून मागच्याच सीटवर बसतात. त्यात दोघांनाही काही वावगं वाटत नाही.

भास्करला पोहणं शिकवायची गरज नव्हती. त्याला बुडणं शिकवायचं होतं! माणूस अंगापिंडाने भरलेला. पाण्यात सोडला की बुचासारखा वर. पाण्याखाली राहता यावं म्हणून कमरेला शिशाची वजनं बांधतात. रेश्माने दोन बांधली, भास्कर वर. चार बांधली, भास्कर वर, पाठीवर पडून आभाळ बघतोय.

“मना खाडीची सवय हाय,” तो म्हणाला. “आमच्या खारीन माणूस बुडत नाय. बुडाला तर गाव हसतं.”

रेश्मा आणखी वजनं आणायला निघाली, तेव्हा तिचं लक्ष त्याच्या गळ्यातल्या साखळीकडे गेलं. चांगली करंगळीएवढी जाड.

“भोईर काका, ती चेन काढून ठेवा. पाण्यात पडेल.”

भास्कर पाण्यात उभा राहिला. एका हातात शिसं, दुसरा हात साखळीवर.

“ए पोरी, येकदा ठरव,” तो म्हणाला. “वजन बांदू का काढू?”

*

पाण्याखाली बोलता येत नाही. म्हणून हातांच्या खुणा असतात, आणि ज्याला खुणा पुरत नाहीत त्याच्यासाठी छोटी पांढरी पाटी आणि पेन्सिल. ती पाण्यातही उमटते. पाटी बघून साहेबांचा चेहरा असा खुलला की निवृत्तीनंतर मी तो तसा पाहिला नव्हता.

त्या दिवशी आम्ही तरणतलावाच्या खोल बाजूला तळाशी होतो. माझ्या मास्कमध्ये पाणी शिरायला लागलं. मास्कमधलं पाणी नाकाने फुंकून बाहेर काढायचं शिकवलं होतं, पण नेमकं त्या वेळी नाक कुठे आहे तेच आठवेना. मी पाटी घेतली आणि घाईघाईने लिहिलं, ‘वर जाऊ या.’ शेजारी साहेब होते. जोडीदाराला सांगितल्याशिवाय वर जायचं नाही असा नियम, म्हणून पाटी त्यांच्यापुढे धरली.

साहेबांनी ती हातात घेतली. नीट वाचली. पेन्सिल काढली आणि डाव्या बाजूला, समास असता तर जिथे असता तिथे, लिहिलं, ‘चर्चा करावी’. तिरकी रेघ. आद्याक्षरं.

मी चर्चेला थांबलो नाही. नोकरीतला आणि निवृत्तीतला मिळून साहेबांचा एकच शेरा मी डावलला आहे, तो हा!

*

अंदमानला पोचल्यावर तिथल्या एका बेटावर आमच्या बोटीत ठाण्याचे एक गृहस्थ भेटले. घोडबंदर रोडला राहतात. त्यांचं सामान स्वतःचं होतं. स्वतःचा मास्क, पोहताना पायांत घालायची स्वतःची रबरी पावलं, मनगटावर वाटीएवढं घड्याळ. आम्ही नवशिके आहोत हे कळल्यावर त्यांनी किनारा सुटायच्या आत आमचा ताबा घेतला.

“बिगिनर्स एकच मिस्टेक करतात, ते पाण्याला घाबरतात,” ते म्हणाले. “मी बघा. सी इज माय सेकंड होम. समुद्र म्हणजे माझं दुसरं घर!”

बोट जरा पुढे गेली आणि लाट आडवी लागायला लागली. आमचे हे एक्सपर्ट बोलायचे कमी झाले. मग गप्प झाले. मग हिरवे झाले. मग त्यांनी बोटीच्या कठड्यावरून जे करायचं ते केलं, आणि सुधावहिनींच्या पिशवीवर डोकं टेकून आडवे झाले. वहिनींनी त्यांच्या तोंडात आलेपाकाची वडी घातली.

बोट जागेवर येऊन थांबली. भास्करने वाकून त्यांच्या खांद्याला हात लावला.

“ओ शेट, उठा,” तो मायेने म्हणाला. “तुमचं दुसरं घर आलं.”

*

मी उतरलो आणि वर आलो. प्रत्येकाबरोबर तिथला एकेक प्रशिक्षक होता. आमच्याबरोबर आलेली रेश्मा बोटीवरून सगळ्यांना बघत होती. मी खाली काय पाहिलं ते इथे लिहीत नाही. कारण पुढे कळेल.

भास्करने मात्र तिथल्या तिथे सांगून टाकलं. तो वर आला, शिशाचा पट्टा सोडला, आणि रेश्माने “काका, काय काय दिसलं?” विचारल्यावर बोटांवर मोजून सांगायला लागला. “येक तलायचा. दोन कालवनाचे. येक व्हता तो सुकवला तर बरा लागंल. आन येक लय देखना, निला-पिवला. त्याला मी बोललो, जा बाबा, तुला नाय खात.”

*

आता साहेब.

साहेबांची आणि वहिनींची पाळी शेवटी होती. दोघं बोटीच्या काठावर पाठ पाण्याकडे करून शेजारी शेजारी बसले. सिलिंडर, मास्क, सगळं जागच्या जागी. मागे कलायचं आणि पाण्यात पडायचं, इतकंच बाकी. साहेबांच्या छातीला पाटी लटकत होती.

साहेबांनी मान वळवून एकदा खाली बघितलं. तोंडातली नळी काढली आणि प्रशिक्षकाला हिंदीत विचारलं, “नीचे कहाँ तक है?”

“बहुत नीचे तक है, सर. पर हम ऊपर ऊपर ही रहेंगे.”

“हूं,” साहेब म्हणाले, आणि बसून राहिले.

बोट हलत होती. रेश्मा जवळ गेली. “काका, मी हात धरते. श्वास घ्या फक्त.” साहेब श्वास घेत होते. भास्कर म्हणाला, “साहेब, मी येतंव ना खाली संगती.” साहेबांनी मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते समजलं नाही. बोटीवर वेळ मोजलेला असतो. प्रशिक्षक एकदा घड्याळाकडे आणि एकदा वहिनींकडे बघायला लागला.

वहिनींनी मास्क वर केला.

“मी जाऊ?” त्यांनी विचारलं.

साहेब म्हणाले, “जा.”

वहिनींनी मास्क खाली घेतला, नळी तोंडात धरली, आणि मागे कलल्या.

त्या खाली होत्या तेवढा वेळ साहेब त्यांच्या बुडबुड्यांकडे बघत बसले. बुडबुडे जरा लांब गेले की अर्धे उठायचे, जवळ आले की खाली बसायचे. शेजारी एक्सपर्ट अजून आडवेच होते. ते डोळे न उघडता म्हणाले, “होतं असं कधीकधी.”

वहिनी वर आल्या. मास्क काढला. डोळे लाल होते; मास्कमध्ये पाणी गेलं असेल. चेहरा असा होता की भास्करही बघत राहिला.

साहेबांनी हात देऊन त्यांना वर घेतलं आणि विचारलं, “कसं होतं?”

वहिनींनी टॉवेल घेतला. केस पुसले.

“दोघांनी मिळून बघायचं ठरलं होतं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बघाल तेव्हा बोलू.”

*

तेव्हापासून हाच कारभार चालू आहे. गच्चीवर आम्ही जमतो, साहेब औषध घ्यायला खाली घरात जातात, की वहिनी सुरू होतात. हात पसरून, बोटांनी हवेत आकार काढून. फळ्यापुढे उभ्या असाव्यात अशा. आम्ही प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकतो. जिन्यात चपलांचा आवाज आला की वहिनी मला म्हणतात, “सामंत भाऊजी, चहा आणखी घेणार?” आणि हवेतलं प्रवाळ तिथेच पुसलं जातं.

रागावल्या आहेत म्हणावं तर तसंही नाही. साहेबांचा डबा, मफलर, गोळ्या सगळं वेळच्या वेळी. फक्त तेवढा एक विषय बंद.

साहेबांनी सर्व मार्ग वापरून पाहिले. मला एकदा डोंबिवली स्टेशनबाहेर गाठून म्हणाले, “सामंत, अनौपचारिकरीत्या विचारतो. रंग कोणता होता?”

“साहेब, वहिनींनी मनाई केली आहे.”

“तुम्ही माझ्या हाताखाली काम केलंय.”

“हो. म्हणूनच वरिष्ठांची मनाई मोडता येत नाही.”

मग त्यांनी भास्करला विचारलं. भास्करने कालवणाची कृती सांगितली.

अखेर साहेबांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. अर्ज केला. मंडळाच्या नावे, स्वच्छ अक्षरात. ‘मागील दौऱ्यात तळ दिसत नसल्याने मजकडून पाण्यात उतरणे झाले नाही. सबब पत्नीसह एक संधी पुन्हा मिळावी, ही विनंती.’ इतकी वर्षं त्यांच्यापुढे अर्ज ठेवत आलो. त्यांचा अर्ज हातात घेताना मला उभं राहावंसं वाटलं. राहिलो.

अध्यक्षच अर्जदार असल्यामुळे त्यावर निर्णय देणं नियमात बसेना. तेव्हा आमच्या नेहमीच्या पद्धतीने मी अर्ज संबंधितांकडे अभिप्रायासाठी पाठवला. संबंधित म्हणजे सुधावहिनी. गच्चीवर त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाचला, घडी घातली, कमरेला खोचला आणि म्हणाल्या, “बघते.”

*

अभिप्राय येईना. एक महिना गेला. साहेबांनी दोनदा माझ्याकडे स्मरणपत्राचा विषय काढला. मी म्हणालो, पाठवतो. पण घरातल्या घरात पाठवायचं कसं, हा पेच होता.

मग एक दिवस रेश्माचा फोन आला. “काका, दामले काकांनी एक्स्ट्रा क्लास मागितलाय. मास्क लावून डायरेक्ट खोल बाजूला. काकूंना पण घेऊन येणार म्हणतात. तुम्ही या ना जरा, मला टेन्शन आलंय.”

मी गेलो. पाण्यात उतरलोही. रेश्मा, मी, साहेब, वहिनी, सगळे खोल बाजूच्या तळाशी. वरून ऊन येत होतं आणि फरश्यांवर त्याची जाळी हलत होती. साहेबांचे बुडबुडे नियमित चालू होते.

साहेबांनी पाटी पुढे ओढली आणि लिहायला लागले. बराच वेळ लिहिलं. मग ती वहिनींसमोर धरली. मी बाजूलाच होतो, म्हणून वाचता आलं.

‘अभिप्राय अद्याप अप्राप्त. खाली काय पाहिलेस ते तरी कळावे.’

वहिनींनी पाटी हातात घेतली. नीट वाचली. खुणेने पेन्सिल मागितली. आणि डाव्या बाजूला लिहिलं, ‘चर्चा करावी’. खाली तिरकी रेघ. आद्याक्षरं.

साहेबांच्या डोक्यावरचे बुडबुडे एकदम थांबले. रेश्मा झेपावली, तिला वाटलं, पुन्हा कुंभक! पण ती पोचायच्या आत साहेबांच्या नळीतून बुडबुड्यांचा असा लोट उसळला, की त्यात साहेब दिसेनासे झाले. हसून हसून त्यांचा मास्क पाण्याने भरला होता. वहिनींनी एका हाताने त्यांचा मास्क धरला होता, दुसऱ्या हातात पाटी होती.

तेव्हापासून दोघं रोज सकाळी तरणतलावावर येतात. खोल बाजूला, तळाशी, समोरासमोर बसतात. पाटी इकडून तिकडे जाते. काय लिहितात ते रेश्मा सांगत नाही, आणि मी आता उतरत नाही.

अर्ज प्रलंबित आहे.